इंदुरात नर्सेसची संघटना नेमकी काय करते?

प्रश्न थोडक्यात असा: "भुसावळला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी आहे. लग्न होऊन इंदूरला आले. दीडशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयात आठ महिने झाले लागून. सोबतची एक सिस्टर नर्सेसच्या संघटनेचा फॉर्म भर म्हणते. सासूबाई म्हणतात, असल्या भानगडीत पडू नकोस, आहे ती नोकरी जाईल. ही संघटना करते तरी काय, आणि माझ्यासारखीला तिचा काय उपयोग?"

तुझ्याहून तीसेक वर्षांनी मोठी आहे, म्हणून तूच म्हणते. चौतीस वर्षं इथल्या सरकारी नोकरीत काढली, शेवटची काही वर्षं मेट्रन होते, आणि मधली चार वर्षं शहर शाखेची सचिव. त्यामुळे संघटनेचं कौतुकही करणार आहे आणि उणंदुणंही काढणार आहे. पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस, तिथून सुरुवात करते, कारण मला तीच जास्त काळजीची वाटते.

तुझी नोंदणी महाराष्ट्राची आहे आणि तू आठ महिने मध्य प्रदेशात काम करते आहेस. इथल्या काउन्सिलकडे अर्ज केलास का? तुझ्या रुग्णालयाच्या एचआरने विचारलंही नसेल, त्यांना ड्युटीला माणूस मिळाल्याशी मतलब. पण उद्या वॉर्डात काही बरं-वाईट झालं, की चौकशीतला पहिला प्रश्न "काय घडलं" हा नसतो. "या सिस्टरची या राज्यात नोंदणी आहे का" हा असतो. तेव्हा तुझी बाजू शंभर टक्के खरी असली तरी तू पहिल्याच पायरीवर घसरतेस. मुंबईच्या काउन्सिलकडून पडताळणी आणि ना-हरकत घ्यायची, मग भोपाळच्या काउन्सिलकडे अर्ज टाकायचा. वेळ लागतो, कागद परत येतात, माहेरच्या आणि सासरच्या नावाचा घोळ तर हमखास होतो. लग्नाचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं शपथपत्र पहिल्या फेरीतच जोडून टाक. माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर काउन्सिलचं जुनं नाव आहे, 'महाकोशल'. दर वेळी खिडकीवरच्या नव्या बाबूला ते समजावून सांगावं लागायचं.

आता बघ, हे तुला कोणी सांगायला हवं होतं? रुग्णालयाने सांगितलं नाही. काउन्सिल घरी येऊन सांगत नाही. असं सांगणं हे संघटनेचं पहिलं काम. फार मोठं नाही, पण दर वर्षी जळगाव, अकोला, बुलढाण्याहून लग्न होऊन किंवा नोकरीला म्हणून इकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीजणी याच जागी अडकतात, ते मी सचिव असताना पाहिलं आहे.

लोक तीन गोष्टींची गल्लत करतात. काउन्सिल ही कायद्याने बनलेली. ती नोंदणी देते, काढूनही घेते, कॉलेजांना मान्यता देते. ती तुझ्यासाठी नाही, रुग्णासाठी आहे. तुझ्यावर नजर ठेवणं हेच तिचं काम. तिच्याकडे पगाराचं गाऱ्हाणं घेऊन जाणारीला मी दरवेळी परत पाठवायचे. केंद्रात १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग काउन्सिल आली, आणि आता २०२३ च्या नव्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणि राज्याराज्यांत आयोग यायचे आहेत. युनियन म्हणजे मालकाशी पगाराचा सौदा करणारी, वेळ पडली तर संप करणारी. आणि असोसिएशन, म्हणजे व्यावसायिक संघटना, ही ऐच्छिक. धंद्याची इभ्रत, शिक्षण, सदस्यांची पाठराखण, सरकारपुढे म्हणणं मांडणं हे तिचं काम. नावावर मात्र जाऊ नकोस. केरळातली युनायटेड नर्सेस असोसिएशन नावाने असोसिएशन, कामाने पक्की युनियन. आणि काही युनियनी अशा, की नर्सेस डेला केक कापण्यापलीकडे त्यांचं काही ऐकू येत नाही.

देशपातळीवरची जुनी संघटना म्हणजे ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, टीएनएआय. मूळ लखनौमधल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटांच्या संघटनेत, १९०८ पासून सर्व प्रशिक्षित नर्सेसची. १९१० पासून तिचं मासिक निघतं, १९१२ पासून ती आंतरराष्ट्रीय नर्सेस परिषदेची सदस्य आहे. तिच्या राज्य शाखा असतात, त्याखाली शहराच्या-जिल्ह्याच्या शाखा, आणि कॉलेजांत विद्यार्थिनींची संघटना, ती १९२९ पासून. तूही शिकताना तिची सदस्य असशीलच. तक्ते रंगवणं, वक्तृत्व स्पर्धा, तेवढंच आठवत असेल. याखेरीज बहुतेक राज्यांत सरकारी नर्सेसच्या स्वतंत्र संघटना आहेत, त्यांत खासगीतल्या मुलींना जागा नसते. तुझ्या हातात आलेला फॉर्म कुणाचा आहे, तो कागद नीट वाचून बघ.

आमच्या वेळी सदस्य होण्याचं अर्धं कारण रेल्वे होती, खोटं कशाला बोलू. प्रशिक्षित नर्सेसना तिकिटात २५ टक्के सवलत मिळायची. मार्च २०२० मध्ये कोरोनात बहुतेक सवलती थांबल्या, त्यात हीही गेली. तेव्हापासून फॉर्म भरणाऱ्या मुली कमी झाल्या असं म्हणतात. मला वाटतं, आता ज्या येतात त्या तरी तिकिटासाठी येत नाहीत.

मी का आले, ते सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, रात्रीची पाळी, आठ ते आठ. खाटांवरचे आणि खाली गादीवरचे धरून बेचाळीस रुग्ण, मी एकटी सिस्टर आणि एक आयाबाई. एकाच नावाचे दोन रुग्ण, शेजारशेजारच्या खाटांवर, एक मधुमेहाचा, एक तापाचा. पहाटे इन्सुलिन तापाच्या रुग्णाला गेलं. दहा-पंधरा मिनिटांत माझ्याच लक्षात आलं, कारण दुसऱ्या नावाशी टिक करायला गेले तर खाट रिकामी, तो माणूस संडासला गेलेला. धावत डॉक्टरांना उठवलं, रक्तातली साखर घसरू नये म्हणून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज दिलं, सकाळपर्यंत दर थोड्या वेळाने साखर तपासली. रुग्ण वाचला. आठ वाजता हॅन्डओव्हर देताना मीच सगळं सांगितलं. दुपारी मेमो हातात आला आणि निलंबनाची भाषा सुरू झाली.

मी उत्तरात काय लिहिलं असेल? "माझ्याकडून चूक झाली, माफ करावे, पुन्हा होणार नाही." दोन ओळी, खाली सही. ते घेऊन ऑफिसकडे चालले होते, तर आमच्या शाखेच्या तेव्हाच्या सचिव, केरळच्या एक वयस्कर सिस्टर, जिन्यात भेटल्या. कागद वाचला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "ये जवाब नहीं है, ये इस्तीफा है." मग त्यांनी मला बसवून नवीन उत्तर लिहायला लावलं. किती वाजता काय दिलं, किती वाजता लक्षात आलं, कुणाला किती वाजता कळवलं. एकही विशेषण नाही. चूक लपवली नाही, पण तिच्याभोवतीची रात्र कागदावर आली. आणि संघटनेच्या लेटरहेडवर एक वेगळं पत्र गेलं: त्या रात्रीच्या ड्युटी रोस्टरची आणि रुग्णसंख्येच्या रजिस्टरची नक्कल चौकशीत लावावी. सोबत काउन्सिलचं प्रमाण जोडलं होतं. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ खाटांमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १, वर रजा-सुट्यांसाठी ३० टक्के जादा. बेचाळीस भागिले तीन, चौदा. तीन पाळ्यांत वाटल्या तरी रात्री निदान चौघी. होते मी एकटी.

निलंबन झालं नाही. लेखी ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. आणि त्या वॉर्डात रात्री दुसरी सिस्टर लागली. चार महिने. मग ती काढली आणि पुन्हा एकच. संघटनेचं यश साधारण एवढ्याच आकाराचं असतं, हेही तुला माहीत असावं.

पण त्या जिन्यात मला जे कळलं ते असं. रोस्टर मागणं मला एकटीला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी मी मागितलं असतं, तर "चूक करून वर तोंड करते" असं झालं असतं. तीच मागणी लेटरहेडवरून गेली आणि तिच्याखाली माझी सही नव्हती. वॉर्डात सिस्टर कमी आहेत, हातमोजे संपलेत, बदलायच्या खोलीला कडी नाही, नातेवाइकाने हात उगारला, यातलं काहीही एकटीने लिहिलं की ती तक्रारखोर ठरते. संघटनेने लिहिलं की ते निवेदन होतं. इथे हिंदीत त्याला ज्ञापन म्हणतात. प्रांतिक, स्थानिक संघटनेचं खरं काम मी यातच बघते, कारण दिल्लीला बसलेल्या कुणाला तुझ्या वॉर्डाची कडी दिसत नाही.

या ज्ञापनाचं एक दुखणंही आहे. दहा जणी मिळून अधिकाऱ्याला कागद देतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि विषय संपतो. माझ्या कारकिर्दीत मीही असे फोटो काढून घेतले आहेत. कागदावर आवक क्रमांक घेतला का, पंधरा दिवसांनी कोण विचारायला गेलं, हे फोटोत दिसत नाही. दर मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याची बैठक असते, तिथे पावती मिळते. मी सचिव झाल्यावर नियम केला होता, आवक क्रमांक नसेल तर त्या कामाचा मिनिट्समध्ये उल्लेख नाही. दोन पदाधिकारी बायका त्यावरून रुसल्या.

आता खासगीतल्या पगाराचं. तुझा पगार तू लिहिला नाहीस, पण दीडशे खाटा लिहिल्यास, म्हणून सांगते. टीएनएआयनेच सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये याचिका केली होती. खासगी रुग्णालयांत नर्सेसना मिळणारा पगार आणि कामाची परिस्थिती हा विषय. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने खाटांप्रमाणे पायऱ्या सुचवल्या. २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० ते २०० मध्ये तो १० टक्क्यांहून जास्त कमी नको, ५० ते १०० मध्ये २५ टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि ५० च्या खाली असलं तरी महिना २० हजारांच्या खाली नको. म्हणजे तुझं रुग्णालय मधल्या पायरीवर बसतं. शेजारच्या सरकारी नर्सिंग ऑफिसरचा पगार विचार, त्यातून दहा टक्के वजा कर, आणि आपली स्लिप समोर ठेव. हसू येईल किंवा रडू.

पण या शिफारशी आहेत. त्यांना कायद्याचा दात राज्य सरकारने बसवायचा असतो. केरळात २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली ती नर्सेस रस्त्यावर उतरल्यावर, नुसत्या याचिकेवर नाही. इथेच व्यावसायिक संघटनेची हद्द संपते आणि युनियनची सुरू होते, आणि आपल्याकडे खासगीतल्या नर्सेसची जोरदार युनियन मी तरी पाहिली नाही. एक सोय मात्र आहे, जी भोपाळवाल्यांनाही नाही: राज्याच्या श्रमायुक्तांचं, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय आपल्या इंदुरात आहे. पगाराची स्लिप न देणं, ओव्हरटाइम बुडवणं, प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या रजेत खोट काढणं, ही कामं काउन्सिलची नाहीत, त्या कार्यालयाची आहेत. कुठल्या दारात कुठला कागद न्यायचा, हे ज्ञान संघटनेतल्या जुन्या बायकांकडे असतं आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आता जे मला सांगायला आवडत नाही ते.

संघटनेच्या खुर्च्यांवर बहुधा कोण बसतं? मेट्रन, सुपरिंटेंडेंट, कॉलेजच्या प्राचार्या. शहाण्या, अनुभवी बायका, पण त्यांतल्या खासगीतल्या ज्या आहेत, त्या मालकाच्या बाजूने रोस्टर बनवणाऱ्याही असतात. मी सचिव असताना एका खासगी रुग्णालयातल्या पाच मुली आल्या. त्यांची मूळ प्रमाणपत्रं व्यवस्थापनाने ठेवून घेतली होती, वर बॉण्डपोटी कोरे चेक. नोकरी सोडायची तर आधी पैसे भरा, मग कागद. मी पत्राचा मसुदा केला. कार्यकारिणीत तो अडला, कारण त्याच रुग्णालयाच्या नर्सिंग प्रमुख आमच्या कार्यकारिणीत होत्या आणि "आधी आपसात बोलून बघू" असं ठरलं. आपसात बोलणं तीन महिने चाललं. तोवर तिघींनी पैसे भरून कागद सोडवले होते. उरलेल्या दोघींसाठी मी शेवटी पत्र कुणा एका रुग्णालयाच्या नावाने न काढता शहरातल्या सगळ्या खासगी रुग्णालयांना उद्देशून काढलं: मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत, पडताळणी करून परत द्यावीत. त्याला कुणी हरकत घेऊ शकलं नाही. दोघींचे कागद आठवड्यात मिळाले. पण त्या तिघींचे पैसे गेले ते गेलेच, आणि त्यांतली एक मला रामबागेत भाजी घेताना दिसली की अजून मान फिरवते. बरोबर करते.

नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतल्या गैरप्रकारांचं प्रकरणही याच खात्यातलं. उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली, आणि मे २०२४ मध्ये चौकशी करणारा सीबीआयचाच निरीक्षक लाचेच्या प्रकरणात पकडला गेला, हे सगळ्यांनी वाचलं. एकच शिक्षिका कागदावर अनेक कॉलेजांत, हे आम्हा जुन्या नर्सेसना नवं नव्हतं. आम्ही चहावर बोलायचो. लेटरहेडवर बोललो नाही. शिक्षणाचा दर्जा राखणं हे व्यावसायिक संघटनेचं काम म्हणून आम्ही भाषणांत सांगतो, आणि याबाबतीत न्यायालयात कोण गेलं? वकिलीचे विद्यार्थी. या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या सोबतच्या सिस्टरला चार गोष्टी विचार, गोड बोलून विचार. शेवटची निवडणूक कधी झाली. हिशेब तपासून सभेत वाचला जातो का. खासगी रुग्णालयातल्या, वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या किती जणी कार्यकारिणीत आहेत. आणि गेल्या वर्षभरात लिहिलेलं एक पत्र दाखव, फोटो नको. पत्र दाखवता आलं तर बाकी तीन उत्तरं थोडी लंगडी असली तरी चालतील. सभा किती वाजता असते तेही बघ. दुपारी दोनला सकाळची पाळी सुटते, त्यानंतर चारची वेळ ठेवली असेल तर ती माणसं वॉर्डातली आहेत. सकाळी अकराला ठेवत असतील तर त्यांना पाळ्या राहिलेल्या नाहीत.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांची भीती निराधार नाही. व्यावसायिक संघटनेचं सदस्य असणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कुणी काढलं तर ते टिकणं कठीण. पण खासगीत काढत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवत नाहीत, आणि कारण लिहीत नाहीत. तेव्हा सदस्य हो, पण लॉकरवर स्टिकर लावू नकोस. पहिलं वर्ष सभेत बसून ऐक. प्रशिक्षणाच्या शिबिरांना जा, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पुढे ते तास दाखवता येतात. नर्सेस डेला, १२ मेला, उन्हात उभं राहून दिवा लावायला आलीस तर छान, नाही आलीस तरी कुणी हजेरी घेत नाही. आणि सासूबाईंना हेही सांग की मारहाणीच्या प्रसंगी डॉक्टरांइतकंच संरक्षण राज्याच्या कायद्याने नर्सेसनाही दिलं आहे, पण पोलीस ठाण्यात रात्री सोबत कुणी आलं तरच तो कायदा आठवला जातो. माझ्या वेळी रात्री-अपरात्री आम्ही चौघी जायचो. आता कोण जातं, ते विचारून घे.

एक शेवटचं. ऑफर लेटर, हजेरीचा फोटो, पगार जमा झाल्याचे मेसेज, आणि रात्री जास्त रुग्ण असतील तेव्हा हॅन्डओव्हर बुकात लिहिलेला आकडा, हे सगळं आजपासून जपून ठेव. रुग्णाचं नाव मात्र फोटोत येऊ देऊ नकोस. पण त्याही आधी मुंबईच्या काउन्सिलचा अर्ज भर. संघटनेचा फॉर्म महिनाभर पर्समध्ये राहिला तरी चालेल.